उतारावरचं बाकडं

नाईलकाठच्या दमियात गावातल्या सिनेमा नसीमची जमीन पडद्याच्या दिशेने उतरती होती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्या इमारतीत पुढे जे काही घडलं ते सगळं त्या उतारावरून घरंगळतच घडलं. तिथे सरकारी पिठाचं कोठार झालं तेव्हा सांडलेलं पीठ आपोआप पडद्याखाली जाऊन साठायचं आणि दमियातभरच्या चिमण्या तिथे नांदायच्या. एका वर्षी शाळेच्या इमारतीची डागडुजी चालू होती म्हणून परीक्षा तिथे घेतल्या. मागच्याला पुढच्याचा पेपर इतका स्वच्छ दिसत होता की त्या साली गावात कुणी नापास झालंच नाही. नंतर हाजी रिफअतने फर्निचरचं गोदाम केलं, तेव्हा बाळांचे चाकाचे पाळणे सकाळी हमखास पडद्याजवळ गोळा झालेले सापडत, जणू काही चित्र सुरू होण्याची वाट बघत बसलेत.

दौलतने हे सगळं बघितलं होतं. पीठ झाडलं होतं, परीक्षेच्या मुलांना पाणी दिलं होतं आणि गेली वीस वर्षं ती त्याच इमारतीत सोफे मढवत होती. आता ती सत्तरीला टेकलेली. ठेंगणी, अंगाने भरलेली, काळी ओढणी मानेमागे गाठ मारून बांधलेली. काम करताना ओठांत बारीक खिळे धरायची सवय, त्यामुळे तिचं बोलणं नेहमी ओठांच्या एका कोपऱ्यातून यायचं. तिला गावात कुणी दौलत म्हणत नसे. म्हणत 'गीमवाली'. अलिफ, बे, आणि त्यानंतर गीम अशा अक्षरांच्या रांगा थिएटरात होत्या. त्यांतल्या गीमच्या रांगेत ती राहायची.

राहायची म्हणजे खरोखरच. लढाई पेटली तेव्हा पोर्ट सईद शहर रिकामं केलं आणि तिथली माणसं लॉऱ्यांत भरून गावोगाव पाठवली. दमियातच्या वाट्याला आलेल्यांपैकी काहींना शाळा मिळाल्या, काहींना गोदामं, आणि दौलतच्या लॉरीला सिनेमा नसीम मिळाला. दौलत तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. बरोबर आई नफूसा आणि धाकटी बहीण इन्साफ. बाप बंदरात टगबोटीवर होता, त्याला मागे ठेवून घेतलं होतं. प्रत्येक कुटुंबाने खुर्च्यांच्या दोन रांगांमध्ये चादरी बांधून घर केलं. नफूसाने गीमची रांग धरली, कारण पडद्याजवळ दगडी फरशी गार होती. बापाचं पत्र यायचं त्यावर पत्ता असायचा: सिनेमा नसीम, गीमची रांग. पोस्टमन दारातूनच ओरडायचा, "गीमवाले आहेत का घरी?" आणि सगळं थिएटर एका सुरात उत्तर द्यायचं, "नाहीत, पिक्चरला गेलेत!"

गीमच्या रांगेत डाव्या भिंतीलगत तीन खुर्च्यांचं एक बाकडं होतं, लोखंडी पायांचं. डावीकडे आई, उजवीकडे इन्साफ. दौलत रोज दुपारी धावत जाऊन बसायची आणि ओरडायची, "मधली माझी!"

दुपारी पिक्चर असायचा. थिएटरचे कर्णे आणि आवाजाचं यंत्र सायरनसाठी नेलं होतं, पण प्रोजेक्टर होता, आणि डब्यात अडकून पडलेले दोनच चित्रपट होते. त्यातल्या एकाचं शेवटचं रीळ हरवलेलं. प्रोजेक्टर चालवायला फिक्री नावाचा लांबुडका तरुण होता. एक डोळा जरा अधू, म्हणून सैन्याने परत पाठवलेला. दुपारच्या उकाड्यात मुलं रडायला लागली, बायका भांडायला लागल्या की तो वरच्या खोलीत जाऊन रीळ लावायचा. पडद्यावर माणसं बोलायची, रडायची, गायची, आणि थिएटरात फक्त यंत्राची घरघर. हवाई हल्ल्यांच्या भीतीने खिडक्यांना निळा रंग फासलेला, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे पाण्याखाली असल्यासारखे.

पहिल्याच दुपारी नफूसाला ते सहन होईना. पडद्यावर एका पाशाची मुलगी जिन्यावर उभी राहून काहीतरी म्हणत होती. नफूसाने जागेवरूनच तिला आपला आवाज दिला.

"मला तुमचे हिरे नकोत, बाबा! मला सकाळची ताजी बोय मासळी आणून द्या, डोळे लाल झालेली नको!"

थिएटर हसून लोळलं. घर सुटल्यापासून पाच महिन्यांत कुणी हसलं नव्हतं. मागून एक म्हातारा पाशाच्या आवाजात ओरडला, "या दमियातमध्ये ताजी बोय? इथे बदक खातात, बदक! कांदा भरून!"

"मग मी लग्नच करणार नाही," पाशाची मुलगी नफूसाच्या तोंडून म्हणाली आणि पडद्यावर खरोखरच तोंड फिरवून जिना चढून गेली.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. चित्रं तीच, पण गोष्ट रोज वेगळी. कधी पाशाची मुलगी बापाच्या कर्जासाठी रडायची, कधी शेजारणीने कोंबडी चोरली म्हणून. नायिकेचा आवाज मात्र कायम नफूसाचा, जाडसर, किनाऱ्यावरच्या बायकांचा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी वर चढणारा. शेवटचं रीळ हरवलेल्या चित्रपटाचा शेवट ती पांढऱ्या पडद्यावरच बोलायची. रिकाम्या उजेडात तिचा आवाज ऐकत पोरं झोपी जायची. दौलत मधल्या खुर्चीत डोळे मिटून ऐकायची. आवाज डावीकडून यायचा, आईच्या कुशीतून, आणि त्याच वेळी समोरून, त्या दोन मजली उंच बाईच्या ओठांतून.

एके दुपारी नफूसाचा घसा बसला. "तू बोल," ती दौलतला म्हणाली. दौलत आता एकोणीसची झाली होती. पडद्यावर नायिका बागेत एका तरुणाकडे बघत होती. दौलत उठून उभी राहिली आणि फिक्रीच्या खोलीच्या चौकोनी भोकाकडे पाठ करून मोठ्याने म्हणाली,

"ऐकलंत का? रोज वरून नुसता उजेड पाडता. एखाद दिवशी खाली उतरून चहाला या की!"

चित्र एकदम धूसर झालं. मग स्पष्ट झालं. मग पुन्हा धूसर. मागचा म्हातारा ओरडला, "अरे, नायक लाजला!" त्या दिवशी रीळ मध्येच बंद पडलं, आणि संध्याकाळी फिक्रीची आई मशब्बकचं ताट घेऊन गीमच्या रांगेत मागणी घालायला आली. मशब्बक म्हणजे जिलबीची थोरली बहीण. नफूसाने एक तुकडा तोंडात टाकला. म्हणाली, "मिठाई बरी करता हो तुम्ही. माशांचं मात्र तुम्हाला काही कळत नाही."

लढाई संपली, लोक परत गेले. नफूसा आणि इन्साफ लॉरीत बसल्या, दौलत फिक्रीची बायको म्हणून राहिली. कर्णे परत आले, भिंती रंगवल्या, आणि तोच चित्रपट एका गुरुवारी आवाजासह लागला. दौलत बाकड्यावर बसली. पाशाची मुलगी जिन्यावर आली, तोंड उघडलं, आणि एक बारीक, मुळमुळीत, साखरेत घोळलेला आवाज निघाला.

"ही कोण?" दौलत भर थिएटरात ओरडली.

लोक हसले. वर फिक्रीही हसला असणार, कारण चित्र जरा हललं. पण दौलतच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपल्या आईला घरातून बाहेर काढून तिथे परकी बाई आणून बसवली, असं काहीसं तिला वाटलं.

नफूसा पुढे पोर्ट सईदलाच वारली. तिचा आवाज कुठे भरून ठेवलेला नव्हता. असा आवाज भरून ठेवायचा असतो हे तेव्हा कुणाला सुचत होतं! इन्साफ लग्न होऊन कुवेतला गेली. फिक्रीही वारला. त्याच्या देखतच थिएटर बंद झालं होतं, खुर्च्या उपटून भंगारात गेल्या होत्या. फिक्रीने जाण्याआधी एवढंच केलं होतं, की डाव्या भिंतीचं ते बाकडं उपटू दिलं नव्हतं. दौलत दुपारी काम थांबवून तिथे जाऊन बसायची. मधल्या खुर्चीत. रोटी आणि खारट चीज खाऊन डोळे मिटले की डावीकडून आवाज यायचा. स्पष्ट शब्द नाहीत, पण वाक्याचा शेवट वर चढायचा, तो ऐकू यायचा. घरी येत नसे. इन्साफशी फोनवर बोलताना येत नसे. पोर्ट सईदला आईच्या कबरीवरही आला नव्हता. फक्त तिथे.

मग एका वर्षी हिवाळा सरता सरता हाजी रिफअत गोदामात आला. पोट पुढे, जपमाळ मागे.

"गीमवाली, फर्निचरचे दिवस संपले. इथे आता लग्नाचा हॉल करतोय."

दौलत खिळे ओठांतून न काढता म्हणाली, "हाजी, या उतारावर नाचायला लागले तर दुसऱ्या गाण्याला वरमाय पडद्याखाली सापडेल."

"म्हणून तर भराव घालून जमीन सपाट करतोय. पुढच्या आठवड्यात माती येईल."

दौलतने खिळे हातात काढले. "आणि माझं बाकडं?"

"घेऊन जा. तुझंच आहे ते. त्याला भंगारवालासुद्धा हात लावत नाही."

"शब्द?"

"शब्द! रीहामच्या घरचा सोफा तेवढा आधी पुरा कर, गुरुवारी तिचं सामान निघायचंय."

रीहाम ही बंधाऱ्याच्या वस्तीतली मुलगी. तिच्या लग्नाचं सगळं सामान हाजीकडचं. दमियातमध्ये नवरीचं सामान चोरून-लपून सासरी जात नाही. वाजतगाजत जातं. टेम्पोवर पलंग, कपाट, फ्रीज, गाद्यांचे डोंगर, पुढे ढोल-सनई, आणि वाटेवरच्या सगळ्या गच्च्यांवर बायका. काय काय दिलं, लाकूड कसलं, कापड कसलं, हे सगळं गाव डोळ्यांनी तपासतं. सोफ्याला रीहामने वाइनच्या रंगाची मखमल निवडली होती. मढवून झाल्यावर तीन तुकडे उरले, आणि उरलेलं कापड मढवणारीचं, हा तिथला रिवाज. दौलतने ते तुकडे हातात धरून बघितले. तीनच. जणू मोजून उरवलेले. तिने त्याच दुपारी गीमच्या बाकड्याच्या तीन बैठका त्या मखमलीत मढवल्या. म्हातारीला नवं लुगडं नेसवावं तसं ते बाकडं दिसायला लागलं.

बुधवारी हमालांचा मुकादम उस्ता गलाल याने बाकड्याचे बोल्ट कापून दिले. ते उचलून सपाट जागी, दारातल्या ओट्यावर ठेवलं, तर बाकडं मागे कलंडलं. पुढचे पाय लांब, मागचे आखूड. उताराच्या मापाने बनवलेलं.

"खाला, हे तर वाकडं आहे!" गलाल म्हणाला.

"तोंड सांभाळ. ते सरळ आहे. तुझा ओटा सपाट आहे."

"बरं बाई, ओट्याची चूक. मग घरी कसं ठेवणार?"

"मागच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे लावीन."

गुरुवारी दुपारी दौलत त्या ठोकळ्यांसाठी सुताराकडे गेली. सुताराने चहा पाजला, सुनेची तक्रार सांगितली, ठोकळे घासून गुळगुळीत करून दिले. दोन्ही ठोकळे ओढणीच्या टोकात बांधून ती परतली तर ओटा रिकामा होता. सोफा गेला होता, पलंग गेला होता, आणि बाकडंही गेलं होतं.

झाडूवाली बाई म्हणाली, "मिरवणूक आत्ताच निघाली. उस्ता म्हणत होता, एकाच कापडाचं आहे तेवढं सगळं चढवा."

दौलत तिथेच भिंतीला टेकली. आपल्याच हाताने नवरीचं कापड नेसवलं होतं तिने त्या बाकड्याला. हमालांचा काय दोष? मग ती सरळ झाली आणि सनईच्या दिशेने चालायला लागली.

मिरवणूक बाजारातून चालली होती. गुडघे दुखत होते, पण दौलत थांबली नाही. समोर हळूहळू सरकणारे तीन टेम्पो, गच्च्यांवरून फेकलेलं मीठ आणि खडीसाखर, बायकांच्या जिभा हलवून काढलेल्या आरोळ्या. शेवटच्या टेम्पोवर, सोफ्याच्या वर, सगळ्यांत उंच, गीमचं बाकडं आभाळाकडे तोंड करून निघालं होतं. दौलतला क्षणभर वाटलं, त्यावर कुणीतरी बसलंय. मग ढग सरकला आणि मखमलीवरची सावली गेली.

तिने टेम्पोची कड पकडली. "गलाल! अरे गलाल! ते माझं आहे, खाली घे!"

गलालने वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला! खाला, मी म्हटलं एका कापडाचं चढवा, तर पोरांना वाटलं सोफ्याचा चौथा भाग!"

"चौथ्या भागाला लोखंडी पाय असतात का रे गाढवा?"

"आजकाल काय फॅशन निघेल सांगता येतं का?" मग तो हळू आवाजात म्हणाला, "पण खाला, आता कसं उतरवू? सगळ्या गावाने बघितलंय. नवरीच्या गाडीवर चढलेलं रस्त्यात उतरवलं तर संसार रिकामा होतो म्हणतात. आणि लोक काय म्हणतील? बापाने पैसे दिले नाहीत म्हणून परत घेतलं!"

दौलतला ते कळत होतं. तिच्या स्वतःच्या लग्नात निर्वासिताची मुलगी म्हणून फक्त एक ट्रंक गेली होती आणि तीसुद्धा तिने कुणाला हात लावू दिली नव्हती.

"मग दारात पोचलं की उतरवून मला दे," ती म्हणाली. "तिथे उतरवायचंच आहे ना!"

"ते तू नवरीच्या आईशी बोल. मी हमाल माणूस."

रीहामच्या नवऱ्याचं घर बंधाऱ्याच्या कुशीतल्या गल्लीत होतं. नाईलच्या बंधाऱ्यावरून ती गल्ली खाली उतरते, इतकी की पावसात मुलं तिच्यात कागदी होड्या सोडतात. टेम्पो वरच थांबले आणि सामान गल्लीत उतरवून ठेवू लागले. बाकडंही उतरवलं, दाराजवळ, डाव्या भिंतीलगत.

रीहामची आई तहानी घाम पुसत पुढे आली. तिने बाकड्याकडे बघितलं, मग दौलतकडे. समोरच्या गच्चीवरून कुणीतरी ओरडलं, "माशाल्ला, तहानी! पाहुण्यांना बसायला वेगळं बाकडंसुद्धा दिलंस लेकीला! आणि तेसुद्धा मखमलीचं!"

तहानीने हसून हात हलवला आणि दौलतला हळूच विचारलं, "खाला, हे कुठून आलं? मी तर हे घेतलेलं नाही."

"माझं आहे. चुकून चढलं."

तहानीचा चेहरा उतरला. "आता?" तिने लेकीच्या सासूकडे, सित्त म्हणजे बाईसाहेब वगीदाकडे, चोरून बघितलं. ती दारात कमरेवर हात ठेवून एकेक वस्तू डोळ्यांनी आत घेत होती. "खाला, तुझ्या पाया पडते. आज नको. ही बाई वर्षभर टोमणे मारील माझ्या लेकीला. आठ दिवसांनी मी स्वतः पोचवते."

दौलतला हो म्हणायचं नव्हतं. आठ दिवसांत काय काय होतं हे तिला ठाऊक होतं. लॉरीत बसलेल्या आईनेही 'चार दिवसांनी येते' असंच म्हटलं होतं. पण पाय आता खरंच उभं राहू देत नव्हते. "जरा बसते," ती म्हणाली आणि सवयीने मधल्या खुर्चीत बसली.

बाकडं कलंडलं नाही.

गल्लीचा उतार आणि गीमचा उतार एकच होता. पुढचे लांब पाय खालच्या बाजूला आणि मागचे आखूड पाय वरच्या बाजूला बरोबर टेकले होते. किती वर्षं ती अशी बसली होती! समोर, गल्लीच्या तळाशी, घराची एक आंधळी पांढरी भिंत होती, आणि तिच्यावर दुपारचं ऊन सरकत होतं. सनई-ढोल आता अगदी कानाशी वाजत होते, इतके की दुसरं काही ऐकू येत नव्हतं. गच्चीवरच्या बायकांची तोंडं हलत होती. सित्त वगीदाचं तोंड हलत होतं. तहानीचं हलत होतं. शब्द मात्र एकही नाही.

वरच्या खिडकीत रीहाम आली. पडदे लावायला मैत्रिणींबरोबर आधीच येऊन बसली होती. तिने खाली बघितलं, बाकड्याकडे बोट दाखवलं आणि आईला काहीतरी विचारलं.

दौलतच्या ओठांतून आपोआप निघालं, "आई, ते बाकडं कुणाचं? परत देऊन टाक त्या म्हातारीला, बिचारीचे पाय दुखतायत!"

वाक्याचा शेवट वर चढला.

दौलत दचकली. डावीकडे बघितलं. डावीकडे रिकामी खुर्ची आणि भिंत होती. तो आवाज तिच्या स्वतःच्या गळ्यातून निघाला होता, जाडसर, किनाऱ्यावरचा. तिने पुन्हा करून बघितलं. सित्त वगीदा कपाटाला थापट्या मारत होती. दौलत पुटपुटली, "हे काय लाकूड म्हणायचं? माझ्या बापाच्या वेळी याचे बदकांचे खुराडे करायचे!" आवाज आला. हमालाने फ्रीज उचलताना तोंड वाकडं केलं. दौलत म्हणाली, "आत पाशाची मुलगी बसली आहे की काय?" तोही आला. ती एकटीच हसायला लागली, डोळे पुसत.

तेवढ्यात रीहाम जिना उतरून धावत खाली आली, एका हातात पडद्याच्या कड्या, पायांत मोजे. ढोलवाल्यांनी दम घ्यायला वाजवणं थांबवलं. दौलत तिच्या तोंडाकडे बघत राहिली. आता ही काय बोलेल?

"खाला, इथे बसू का थोडी? सकाळपासून उभी आहे."

आवाज बारीक होता. दौलतला मात्र या वेळी तो परका वाटला नाही.

"बस."

रीहाम उजवीकडच्या खुर्चीत बसली. "कोणाशी बोलत होतीस तू? वरून बघितलं, एकटीच हसत होतीस."

"तुझ्या सासूला आवाज देत होते."

"म्हणजे?"

"ती बघ, लांबच्या गच्चीवरची निळ्या ओढणीवाली. तोंड हलतंय ना? काय म्हणतेय सांग."

रीहामने डोळे बारीक केले. विचार केला. "म्हणतेय... हा फ्रीज माझ्यापेक्षा मोठा आहे."

"अगं, असं कुजबुजतेस काय! पडदा मोठा आहे, मागच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे."

"हा फ्रीज माझ्यापेक्षा मोठा आहे!" रीहाम ओरडली आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर कोसळल्या. तहानी दुरून बघत राहिली. लग्न तोंडावर आल्यापासून ही पोरगी हसलीच नव्हती.

मग हमाल बाकडं वर न्यायला आले. दोघींना उठावं लागलं. बाकडं जिन्यातून वर गेलं, आणि वरून सित्त वगीदाचा आवाज पुऱ्या गल्लीत ऐकू आला.

"अहो, हे कलंडतंय! हे काय वाकडं बाकडं दिलंत माझ्या मुलाच्या घराला?"

तहानीने डोळे मिटून घेतले. दौलतने खालूनच मान वर केली.

"बाकडं वाकडं नाही, सित्त वगीदा! घर सपाट आहे!"

गच्च्या हसल्या. सित्त वगीदा खिडकीत आली. "मग काय करू? घर तिरकं बांधू?"

दौलतच्या ओढणीच्या टोकात दोन ठोकळे बांधलेले होते. गुळगुळीत, नेमक्या मापाचे. तिचा हात त्यांच्याकडे गेला. ते मागच्या पायांखाली घातले असते तर बाकडं रीहामच्या दिवाणखान्यात ऐटीत उभं राहिलं असतं, आणि वगीदाचं तोंड बंद झालं असतं. दौलतने गाठ चाचपली आणि तशीच राहू दिली.

"दारात ठेवा," ती म्हणाली. "गल्लीत. ते गल्लीच्याच मापाचं आहे. सामान नवरीचंच राहील, तिच्याच दाराला राहील. उतरवलं असं कुणी म्हणणार नाही, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टेकायला होईल."

तहानीने तिच्याकडे बघितलं. मग मोठ्याने, गच्च्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हो तर! मी दारासाठीच दिलं होतं ते!"

बाकडं खाली आलं. पुन्हा डाव्या भिंतीला लागलं, पुन्हा सरळ उभं राहिलं. गलालने त्यावर हात ठेवून हलवून बघितलं आणि मान डोलावली. सनई सुरू झाली. रीहाम आधी मधल्या खुर्चीजवळ गेली, मग थांबली आणि दौलतकडे बघितलं.

 दौलत गेली आणि डावीकडच्या खुर्चीत बसली, जिथे ती आयुष्यात कधी बसली नव्हती.

"मधली तुझी," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात सिनेमा नसीममध्ये माती आली. ट्रकांच्या ट्रक ओतल्या, रोलर फिरवला, वर चकचकीत फरशी बसवली. आता तिथे लग्नं होतात आणि काहीही घरंगळत नाही. दौलतने काम सोडलं. दुपारची झोप झाली की ती ओढणी बांधून बंधाऱ्याकडे जाते. गल्लीतल्या बाकड्यावरची मखमल उन्हाने गुलाबी झाली आहे. रीहाम चहा घेऊन खाली येते, कधी शेजारची एखादी बाई येऊन उजवीकडे बसते. समोरच्या भिंतीजवळून माणसं जातात, थांबतात, हातवारे करून बोलतात, आणि एवढ्या लांबून काही ऐकू येत नाही. मग डावीकडून एक आवाज सुरू होतो, जाडसर, शेवटी वर चढणारा.

सित्त वगीदा वरून ओरडते, "काय खिदळताय गं खाली?"

आणि तिघी एका सुरात उत्तर देतात, "कुणी नाही घरी! पिक्चरला गेलोय!"